किसननानांच्या गोगलगायी

आणे गावात मला डोक्यावर छप्पर दिलं ते किसननानांनी. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे लिहिणार आहे त्यात उपकाराची भाषा फारशी यायची नाही, आणि मग वाचणाऱ्याला मी कृतघ्न वाटायचो.

नाना रोज सकाळी चहाच्या आधी गोगलगायींना शिव्या देतात. तोंड धुऊन, टोपी घालून, काचेच्या टँकसमोर खुर्ची ओढून, अगदी पद्धतशीर. टोपी पाहिजेच. उघड्या डोक्यानं दिलेल्या शिवीला म्हणे सरकारी वजन येत नाही.

सरकारी वजनाची त्यांना सवय आहे. तीस वर्षं त्यांनी या गावाला पाणी सोडलं. आण्याच्या पठारावर पाणी सोडणारा माणूस म्हणजे काय, हे ज्याच्या दारात रोज नळ येतो त्याला कळायचं नाही. नानांनी व्हॉल्व्ह अर्धा फेरा कमी फिरवला की खालच्या आळीत भांडणं लागायची. लग्नपत्रिकेत त्यांचं नाव मामांच्या वर छापायचे. मग नाना रिटायर झाले, सोडायला पाणी उरलं नाही, म्हणून त्यांनी मासे पाळले. व्हॉल्व्हची लोखंडी चावी मात्र अजून भिंतीवर आहे. लोक तिथं देव लावतात.

पुढच्या खोलीत तीन टँक. त्यात एंजल मासे, पिल्लं काढण्यासाठी. गावात टँकर येतो तो आठवड्यातून एकदा, आणि नाना बादली घेऊन रांगेत पहिले. शेजारची हौसाक्का मोठ्यानं म्हणते, "आमच्या पोरांची आंघोळ व्हईना, आन नानाच्या माशांचं रोज अभ्यंगस्नान." नाना ढिम्म. पाहुण्याला अर्धा ग्लास पाणी देतात आणि तो पीत असताना ग्लासाकडं बघत राहतात.

एवढं करून पिल्लं निघाली, तरी विकतील तर शपथ. गिऱ्हाईक आलं की मुलीच्या बापासारखी चौकशी. घरात मांजर आहे का, टीव्ही केवढ्यानं लावता, पोरं काचेवर टकटक करतात का. एकदा आळेफाट्याचा एक माणूस वैतागून म्हणाला, "मासा द्या, जावई करून घेऊ नका." नानांनी त्याला चहासुद्धा दिला नाही.

गोगलगायी कुणी आणल्या नव्हत्या. पाणवनस्पतीच्या पानाला चिकटून एक आली. तिचं नाव मेव्हणा. "आला एकटा, म्हनला दोन दिस ऱ्हातो. आता बघ खानदान." फिल्टरवर बसून असते ती सरपंच. काम काही नाही, पण जागा सोडत नाही. दुपार झाल्याशिवाय डोकं बाहेर काढत नाही ती ग्रामसेवक. उरलेलं खाणं त्या साफ करतात आणि पाणी बिघडलं की काचेवरून वर सरकतात, हे नानांना चांगलं ठाऊक आहे. पण कौतुक म्हणून कधी केलं नाही. "फुकटे," एवढंच. आणि दर रविवारी त्याच फुकट्यांसाठी दुधीची चकती उकडतात. मीठ न घालता, चव बघून.

मी मूळचा आहुप्याचा. तिथं पावसाळ्यात चार महिने गोधडी वाळत नाही आणि गोगलगायी चुलीपर्यंत येतात. शाळा आठवीत सुटली. सुटली म्हणजे, मास्तर एकदा सगळ्यांदेखत बोलले, मी दप्तर भरलं आणि घरी आलो, तो परत गेलोच नाही. पुढंही दोन कामं अशीच गेली. तिशी उलटल्यावर, बायकोला आहुप्यातच ठेवून, आण्याच्या स्टँडजवळ पंक्चरच्या दुकानात लागलो. एकट्या परक्या गड्याला गावात खोली कोण देणार? दुकानात टायरांवर झोपायचो. नाना सायकल घेऊन आले. मी ट्यूब घमेल्यात बुडवून बुडबुडा शोधत होतो. बराच वेळ बघत उभे राहिले, मग म्हणाले, "तुला पाण्याकडं बघता येतं, राव. चल घरी."

मागची खोली दिली. आहुप्यात पाऊस किती, हे मात्र रोज विचारायचे.

"मग त्या पान्याचं करता काय?"

"काय नाय. अर्धं कड्यावरून कोकणात जातं."

"व्हॉल्व्ह न्हाई?"

"नाय."

"बेजबाबदार गाव."

घरात नियम एकच. सकाळी आधी दार उघडायचं, उजेड येऊ द्यायचा, मगच दिवा. अंधारात एकदम दिवा लागला की एंजल बिथरतो, आणि बिथरलेला एंजल स्वतःची अंडी खातो.

चार महिने वाट बघितल्यावर एंजलच्या जोडीनं कौलाच्या तुकड्यावर अंडी घातली, राजगिऱ्याएवढी. नानांनी हौसाक्काला बोलावून दाखवली. ती म्हणाली, "बारशाला बोलवा." दुसऱ्या दिवशी पहाटे स्टँडवर गाडी पंक्चर झाली म्हणून मालकाचा फोन आला. नाना टँकशेजारच्या खाटेवर डोक्यावरून गोधडी घेऊन झोपलेले. चप्पल सापडेना. मी बटण दाबलं.

मासे काचेवर आपटले. मी दिवा बंद केला आणि अनवाणीच पळालो.

दुपारी जेवायला आलो तर कौल कोरं. नाना टोपी घालून बसलेले. "मेव्हण्याचं काम हाये," ते म्हणाले. "आन सरपंचाची फूस."

खरं सांगितलं तर नाना बोलणार. ही खोली गेली की दुकान गेलं, दुकान गेलं की परत आहुपे, आणि तिथं बायकोला सांगायचं काय, परत कुणीतरी बोललं म्हणून? नानांनी एकेक गोगलगाय काढून, नाव घेऊन, बादलीत टाकली. प्रत्येकीला वेगळी शिवी. शेवटी जाहीर केलं, "उद्या सकाळी खाणीत. उन्हात वाळू देत."

मी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा ते म्हणाले, "भाकर खा."

संध्याकाळी बघतो तर बादली कडुनिंबाखाली, वर ओलं फडकं, आणि फडक्याखाली दुधीची चकती. रविवार नव्हता. नाना बादलीशेजारीच बसलेले.

"नाना, बटण मी दाबलं."

"ठाऊक हाये. मी जागाच व्हतो."

"मग यांना कशाला शिव्या?"

नाना फडकं नीट करत राहिले. "माझ्या पोराला एकदा असाच बोललो. माशापायीच. पिशवी भरली, नगरला गेला, त्याला आता सात वर्सं व्हतील. तुझं दप्तराचं तूच सांगितलं व्हतंस." मग बादलीकडं बोट केलं. "हिला कितीबी शिव्या घाल, पिशवी भरत न्हाई."

मी त्यांच्याकडं बघत राहिलो. त्यांना ते नको असावं, कारण लगेच आवाज चढला. "बघतो काय, आहुपेकर? मेव्हण्याला घरात घे. त्याच्या गळ्यात पडू नको, आधीच चढलाय."

या गोष्टीला वर्ष झालं. जोडीनं परत अंडी घातली, पिल्लं निघाली, आणि नानांनी त्यातलं एकही विकलं नाही. आता मलाही ते बोलतात. अजून टोपी घालून नाही, नुसतेच, पण बोलतात. मी ऐकतो आणि दुकानात जातो आणि संध्याकाळी परत येतो.

त्यांचं हे फेडायचंय मला. एकदा त्यांना आहुप्याला नेणार आहे, ऐन आषाढात. आमच्या पडवीत खुर्ची टाकून बसवीन, समोर कड्यावरून जाणारं पाणी, आणि हातात पूर्ण भरलेला तांब्या. टोपी घालून आमच्या सगळ्या गावाला शिव्या देऊ देत, पाणी कुठं चाललंय म्हणून. भिंतीवरची ती चावीही पिशवीत घालून नेईन. पिशवी मीच भरीन, दोघांची, आणि परत येण्याच्या बोलीवर.