अँडर्सचं बुजगावणं

नॉर्बर्ट हायदूला माणूस बघताक्षणी कळतो, असं त्याचं स्वतःचं मत होतं, आणि ते कुणी विचारलं नाही तरी तो सांगायचा. एप्रिलमध्ये त्याच्या तळघरात टीव्हीसमोर मंडळी जमली होती. गावच्या अमेरिकन फुटबॉल संघाने, डॉकर्सनी, आदल्या मोसमात सपाटून मार खाल्ला होता, त्यामुळे कॉलेजातली नवी पोरं निवडायच्या रांगेत त्यांचा नंबर अगदी वरचा लागला होता. आता एखादा वाऱ्यासारखा पळणारा घेतील, अशी सगळ्या लोरेन गावाला आशा होती. डॉकर्सनी घेतला अँडर्स हॅल्वर्सन. मिनेसोटाचा, दारातून तिरकं होऊन आत शिरावं लागेल एवढा लाइनमन.

"वाट बघून बघून घेतलं काय, तर कपाट," लेस्टर म्हणाला. लेस्टर म्हणजे नॉर्बर्टच्या बायकोचा, डार्लीनचा भाऊ. हा माणूस स्वतःच्या लग्नातसुद्धा नवरीच्या चुका काढत होता.

"कपाटच हवंय," नॉर्बर्ट म्हणाला. "आपला क्वार्टरबॅक चेंडू फेकायला हात उचलतो न उचलतो तोच चिरडला जातो. त्याच्यापुढे उभं राहून, अंगावर येणाऱ्याला दोन्ही हातांनी ढकलून लावेल असा माणूस पाहिजे. पोराचे हात बघ जरा."

"हात बघितले. गुडघे बघितलेस का? कॉलेजात दर दोन महिन्यांनी झोळीतून बाहेर न्यायचे त्याला."

"अरे, ती सगळी नजर लागल्याची दुखणी. इथे आला की बरा होईल."

"पैज?"

इथे नॉर्बर्टने गप्प बसायला हवं होतं. पण समोर न्हावी एफ्राईन कोर्देरो बसला होता, आणि एफ्राईनच्या खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर सकाळपर्यंत ही गोष्ट जाणार होती. नॉर्बर्ट उठून उभा राहिला. "नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला सामना असतो, तोपर्यंत हा पोरगा एक, फक्त एक सामना पहिल्यापासून शेवटच्या शिट्टीपर्यंत मैदानात राहून दाखवेल. नाही राहिला, तर माझी स्टेडियममधली खुर्ची तुझी. कायमची."

डार्लीनने हातातला चिप्सचा वाडगा खाली ठेवला आणि ती जिना चढून वर गेली. ती खुर्ची नॉर्बर्टच्या बापाची होती. जहाजबांधणीच्या कारखान्यात आयुष्य घालवलेल्या त्या माणसाने दुसरं काही मागे ठेवलं नव्हतं. खुर्चीच्या हातावर त्याच्या अंगठीने पडलेला एक चरा होता, आणि डॉकर्स हरायला लागले की नॉर्बर्ट त्या चऱ्यावर अंगठा फिरवत बसायचा. म्हणजे जवळजवळ दर रविवारी.

उन्हाळ्यात सरावाच्या पहिल्याच आठवड्यात अँडर्सच्या मांडीचा स्नायू ओढला गेला. त्यातून उठला तर पायाचा अंगठा गेला. सप्टेंबरमध्ये एकदाचा मैदानात उतरला, समोरच्या दांडगोबाने त्याला एकदा गरकन फिरवलं, आणि अँडर्स कंबर धरून बाकावर जाऊन बसला तो उठलाच नाही. एफ्राईनच्या दुकानात दोन तट पडले. एक म्हणे पोरगं लहान आहे, शिकेल. दुसरे म्हणत, शिकायला आधी उभं तर राहू दे. एका गिऱ्हाईकाची अर्धीच दाढी झालेली असताना वाद एवढा पेटला, की ते तसंच निघून गेलं.

ऑक्टोबर लागला तसा नॉर्बर्टने हॅलोविनचं बुजगावणं करायला घेतलं. दरवर्षी तो भूत नाहीतर चेटकीण करायचा. या वर्षी लेस्टरच्या नाकावर टिच्चून त्याने अँडर्स केला. जुन्या डगल्यात पेंढा ठासला, पायांत दांडकी घातली, वर अँडर्सच्या त्र्याहत्तर नंबरची जर्सी चढवली आणि डोक्याच्या जागी भोपळा कोरून बसवला. पायात नॉर्बर्टचे शेतावरचे बूट. झाल्यावर डार्लीन अंगणात आली आणि थोडी मागे सरली.

"नॉर्बर्ट, याचा चेहरा तू असा केलास?"

"कसा?"

"दुखत असल्यासारखा."

नॉर्बर्टने हसरा भोपळा कोरला होता. निदान त्याला तसं आठवत होतं.

शनिवारी वाऱ्याने बुजगावण्याचा डावा खांदा निखळला. रविवारी अँडर्सचा डावा खांदा निखळला. नॉर्बर्टने बुजगावण्याचा खांदा तारेने घट्ट बांधला, आणि डॉक्टरांनी महिनाभर विश्रांती सांगितलेला अँडर्स बुधवारी सरावाला हजर झाला. बातम्यांत डॉक्टर स्वतःच डोकं खाजवत होता.

"योगायोग," नॉर्बर्ट म्हणाला.

"असेल," डार्लीन म्हणाली, आणि त्या दिवसापासून अंगणातून जाताना बुजगावण्याला वळसा घालून जायला लागली.

लेस्टरला हे कळलं तेव्हा तो पोट धरून हसला. सगळ्यांच्या देखत अंगणात गेला आणि बुजगावण्याच्या उजव्या घोट्यावर बुटाने सणसणीत लाथ मारली. "झालं का समाधान? आता बघू, काय होतं ते."

दुसऱ्या दिवशी एफ्राईनचा फोन आला. त्याचा आवाज खाली गेला होता. "टीव्ही लाव."

अँडर्स कुबड्यांवर होता. मुलाखत घेणारी बाई विचारत होती, घोटा सरावात दुखावला का. अँडर्स म्हणाला, "नाही हो. घरी ओट्यापाशी उभा राहून दूध पीत होतो. घरात कुणी नव्हतं. आणि एकदम कुणीतरी लाथ मारावी तसं झालं." त्याने जरा थांबून खाली पाहिलं. "बुटाचा वळ उठलाय."

लेस्टरची पाचावर धारण बसली. तो त्याच संध्याकाळी आला, बुजगावण्यासमोर टोपी काढून उभा राहिला आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. नॉर्बर्टने विचारलं तेव्हा म्हणाला, "हवामानाबद्दल बोलत होतो."

आता बुजगावणं बाहेर ठेवणं शक्यच नव्हतं. नॉर्बर्ट आणि एफ्राईनने ते उचलून तळघरात आणलं. उचलताना एफ्राईन म्हणाला, "पेंढ्याच्या मानाने फार जड आहे रे." नॉर्बर्टला आधीच ते जाणवलं होतं, पण तो बोलला नव्हता. बुजगावण्याला डार्लीनच्या आंबवलेल्या कोबीच्या पिंपाशेजारी आरामखुर्चीत बसवलं. डार्लीन तोंडाने "हा काय वेडेपणा" म्हणत होती, आणि हाताने त्याच्या गुडघ्यांवर गोधडी पांघरत होती.

त्या आठवड्यात अँडर्सने मुलाखतीत सांगितलं, की गुडघ्यांना कधी नव्हे ती ऊब वाटतेय. "फक्त घरात सारखा कोबीचा वास येतो. मी कोबी खात नाही."

डार्लीनने टीव्ही बंद केला. "त्याची आई तिकडे मिनेसोटात असेल," ती म्हणाली. "तिला काय वाटत असेल." मग तिने कोबीचं पिंप दुसऱ्या कोपऱ्यात हलवलं.

पुढे भोपळा सडायला लागला. एक गाल आत बसला, आणि अँडर्सची दाढ सुजली. डोकं बदलावं तर लागणार होतं. पण डोकं काढलं की त्या मधल्या वेळात तिकडे काय होईल, या विचाराने कुणी हात लावायला धजेना. शेवटी अँडर्सला दाढेसाठी गुंगीचं औषध देणार असं बातम्यांत आलं, त्याच दिवशी, त्याच वेळी, एफ्राईनने हातात वस्तरा असल्यासारखं अलगद भोपळा उतरवला आणि डार्लीनने पिसांची उशी शिवून बसवली. उशीवर तिने डोळे मिटलेले काढले. उघडे काढायचं तिच्याने झालं नाही.

"डोकं फार हलकं वाटतंय," अँडर्स दुसऱ्या दिवशी म्हणाला. "झोप छान लागते."

घोटा मात्र बरा व्हायला वेळ लागला. सामन्यामागून सामने गेले. कधी अर्ध्यात बाहेर, कधी उतरलाच नाही. नॉर्बर्ट रोज सकाळी तळघरात जाऊन घोट्याची पट्टी बदलायचा. एकदा गेला तर बुजगावण्याच्या बुटांना ओला चिखल लागलेला. तळघरात चिखल नव्हता. अँडर्स आदल्या दिवशी पावसात पळाला होता. नॉर्बर्टने बूट पुसले, आणि डार्लीनला सांगितलं नाही.

थँक्सगिव्हिंग उजाडलं. शेवटची संधी. दुपारचा सामना, परगावचा. वर भट्टीत टर्की, खाली टीव्ही, आणि टीव्हीसमोर चौघं. पाचवा आरामखुर्चीत. अँडर्स पहिल्या मिनिटाला मैदानात उतरला. लेस्टरची पंचाईत झाली होती: अँडर्स पडला तर खुर्ची मिळणार, आणि पडला तर डॉकर्सचं वाटोळं. तो दोन्हीसाठी नखं खात होता.

इतक्यात बुजगावणं हळूच खुर्चीतून घसरायला लागलं. कुणी धक्का दिला नव्हता. नॉर्बर्टने झेप घेऊन त्याला पाठीमागून दोन्ही हातांनी कवटाळलं आणि तसाच त्याला घेऊन खुर्चीत बसला. नेमक्या त्याच क्षणी डॉकर्सच्या पोराने चेंडू झेलला आणि सगळ्यांना चुकवत थेट टोकाला नेला. सहा गुण. तळघर हादरलं.

"हलू नकोस," एफ्राईन ओरडला.

"हलू नकोस," लेस्टरही ओरडला, कारण काही झालं तरी तो डॉकर्सचा होता.

हा नियम लोरेनमध्ये पोरांना चालता येण्याआधी शिकवतात. संघाचं भलं होताना जो जसा बसला असेल त्याने तसंच बसायचं. नॉर्बर्टच्या बापाने एकदा वितळत्या बर्फाच्या डबक्यात एक पाय ठेवून अर्धा सामना काढला होता आणि नंतर आठवडाभर तापाने फणफणला होता. डॉकर्स जिंकले होते.

नॉर्बर्ट हलला नाही. बुजगावण्याचे दोन्ही दंड त्याने छातीशी आवळून धरले. त्याचा पेंढा ऊबदार लागत होता, आणि मधूनच, नॉर्बर्टला शपथेवर सांगता आलं असतं, ते बुजगावणं श्वास घेत होतं. हातांना मुंग्या आल्या. डार्लीनने वरून कोबीचे भरले रोल आणले आणि चमच्याने त्याला भरवले. थोडा रस बुजगावण्याच्या मानेवर सांडला. नॉर्बर्ट त्याच्या कानाशी लागून म्हणत होता, "उभा राहा, बाळा. शेवटपर्यंत फक्त उभा राहा."

आणि अँडर्स उभा राहिला. एवढंच. समोरचे येत होते, त्याच्या शेजारून जात होते, आणि क्वार्टरबॅकवर कोसळत होते. अँडर्स हात अंगाशी घेऊन खांबासारखा उभा. क्वार्टरबॅकला एकदा चिरडलं, दोनदा चिरडलं, मग मंडळींनी मोजणं सोडून दिलं. तिसऱ्या डावात क्वार्टरबॅकला झोळीतून नेलं. त्याच्या जागी आलेल्यालाही नेलं. एफ्राईनने डोळ्यांवर टोपी ओढून घेतली.

"नियम जरा बदलूया का?" डार्लीन म्हणाली.

"नाही," नॉर्बर्टच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "तो उभा आहे. बघ, अजून उभा आहे."

शेवटची शिट्टी झाली तेव्हा डॉकर्स असे हरले होते, की समालोचकसुद्धा जेवणाबद्दल बोलत होते. पण अँडर्स हॅल्वर्सन मैदानात होता. लेस्टर उठला, आणि त्याने बसलेल्या नॉर्बर्टच्या खांद्यावर हात ठेवला. "खुर्ची तुझी. बापाची खुर्ची मुलाकडेच बरी." त्याने पडद्याकडे बघितलं. "तशीही, हे असंच बघायचं असेल तर मला घरीच बरं."

नॉर्बर्टला हुंदका आला. बापाच्या त्या चऱ्याची आठवण होऊन त्याने बुजगावण्याला आणखीच घट्ट धरलं.

टीव्हीवर मुलाखत घेणारी बाई अँडर्सपुढे उभी होती. "दुखापत नाही, काही नाही. मग झालं काय?"

अँडर्सचा चेहरा रडवेला होता. हात अजून अंगाशी. "मला काही कळेना. पहिल्या डावापासून कुणीतरी पाठीमागून मिठी मारून बसलंय. हात उचलताच येत नाहीत. धड श्वास घेता येत नाही." त्याने मान खांद्याला घासली. "मान चिकट झालीय. आणि कानाशी कुणी म्हातारा सारखा म्हणतोय, बाळा, उभा राहा. तोंडाला त्याच्या कोबीचा वास."

तळघरात कुणी हललं नाही. लेस्टरने नॉर्बर्टकडे पाहिलं. एफ्राईनने टोपी वर करून नॉर्बर्टकडे पाहिलं. नॉर्बर्टने आपल्या हनुवटीवरचा कोबीचा रस जिभेने पुसला.

"नॉर्बर्ट," डार्लीन हळूच म्हणाली, "सोड त्याला आता."

नॉर्बर्टने हात सोडले. पडद्यावर अँडर्स एकदम दचकला, छाती भरून श्वास घेतला, आणि ते प्रचंड दोन्ही हात सावकाश डोक्याच्या वर नेले.

"गेला," तो बाईला म्हणाला. "आत्ता सोडलं त्याने."

सामना संपून दहा मिनिटं झाली होती.