शहरात राहण्याची घरगुती चाचणी

माणसाने कुठे राहावे, हा प्रश्न माणसाइतकाच जुना आहे. पूर्वी त्याचे उत्तर नदी, पाऊस आणि जंगली श्वापदे पाहून काढत असत. हल्ली ते व्यवस्थापकाच्या ईमेलमध्ये येते. (श्वापदेही न सांगता येत असत; पण त्यांनी अंगावर येताना खाली ‘सस्नेह’ लिहिल्याची नोंद नाही.)

ईमेल अत्यंत उदार होता. घरून काम करणाऱ्या सहकाऱ्यांनी मोठ्या शहरातल्या मुख्य कार्यालयात यावे किंवा येऊ नये, दोन्ही पूर्णपणे ऐच्छिक होते. मात्र जे येणार नाहीत त्यांना कंपनीने पुढील आयुष्यासाठी आत्ताच शुभेच्छा देऊन ठेवल्या होत्या. उत्तर महिनाअखेरपर्यंत हवे होते.

ज्या गृहस्थाला तो आला, तो घरगुती यंत्रांच्या सूचनापुस्तिका लिहीत असे. ‘इस्त्री अंगातल्या कपड्यांवर फिरवू नये’ हे लोकप्रिय वाक्य त्याचेच. गेली नऊ वर्षे हा पुस्तिकाकार मागच्या खोलीत दार लावून काम करत होता. का, हे त्याने लग्नाकार्यात, वाण्याकडे आणि वार्षिक मूल्यमापनात न विचारता सांगितले होते. “बाबांसाठी राहिलोय इथे.” बाबा पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले, गुडघ्याने अधू, आणि त्यांची खुर्ची नेमकी त्या खोलीच्या भिंतीला टेकलेली. असा मुलगा मिळायला भाग्य लागते, यावर सगळ्यांचे एकमत होते. बाबांना कोणी विचारले नव्हते. ज्याचे भाग्य त्यालाच विचारण्याची पद्धत नाही.

“एकदाचं काय ते ठरव,” बायको म्हणाली. ती शाळेत गणित शिकवायची आणि उत्तर न येणाऱ्या उदाहरणांचा तिला कंटाळा होता. “तुझं हे तळ्यात-मळ्यात ऐकून माझे कान किटले.”

पण पुस्तिकाकाराच्या धंद्याचा एक नियम होता. यंत्र स्वतः वापरून पाहिल्याशिवाय पुस्तिका छापायची नाही. एकदा त्याने या नियमापायी तीन रात्री कपडे वाळवायच्या यंत्राशेजारी झोपून काढल्या होत्या. मग अख्खे शहर न वापरता कसे स्वीकारायचे? त्याने आठवडाभराची चाचणी जाहीर केली आणि सूचना छापून फ्रिजवर लावल्या.

१. पुस्तिकाकार सकाळी डबा घेऊन निघेल, तासभर गावातल्या बसमध्ये बसेल आणि मागच्या दाराने आपल्या खोलीत येईल. ही खोली म्हणजे शहर.
२. शहराचे दार वाजवू नये.
३. शहरात गेलेला मुलगा घरी रोज फोन करतो. सबब, रोज अकराला फोन येईल.
इशारा: नळ गळू लागल्यास, पुस्तिकाकार परगावी आहे.

पहिल्याच दिवशी कंडक्टरने विचारले, “कुठे उतरणार?”

“चढलो तिथेच.”

कंडक्टरने सहानुभूतीने मान हलवली. माणूस नोकरदार आहे हे त्याने ओळखले.

घरातले निष्कर्षही उत्साहवर्धक होते. बायकोच्या दिनक्रमात चाचणीमुळे कोणताही फरक आढळला नाही. गळणारा नळ आजवर तीच दुरुस्त करत आली होती, असेही प्रथमच उजेडात आले.

अडचण आली ती तिसऱ्या सूचनेत. अकराला त्याने फोन लावला. बाबांनी उचलला.

“कोण?”

“मी, बाबा. शहरातून.”

“बरा आहेस ना रे? जेवलास का?”

आता पुढे काय बोलायचे? शेवटी त्याने गुडघ्याचे विचारले. नऊ वर्षांत हा प्रश्न त्याने विचारला नव्हता. समोर दिसणाऱ्या गुडघ्याची काय चौकशी करायची? (या काळातल्या दोघांच्या संभाषणाचा आढावा घेतला असता निम्मा भाग ‘हं’ने व्यापलेला असून उरलेल्यात ‘मीटिंग चालू आहे’ आणि ‘दार ओढून घ्या’ यांचा समसमान वाटा आहे.) बाबांनी गुडघ्याचे सविस्तर सांगितले. दुसऱ्या दिवशी ते गावची मुख्य पाइपलाइन फुटली होती त्या रात्रीविषयी बोलले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “मलाही एकदा शहरात बदली देत होते. तुझी आई जाऊ म्हणत होती. मीच नको म्हणालो. चुकलंच बहुतेक माझं.” हे पुस्तिकाकाराला मुळीच ठाऊक नव्हते. त्या दिवशीचा फोन इतका लांबला की त्याने मुख्य कार्यालयाला नेटवर्क गेल्याचे कळवले.

आठवडा सरला. रविवारी जेवणाच्या टेबलाशी बैठक बसली. पुस्तिकाकाराची तयारी चोख होती. बाबा ‘जाऊ नकोस रे’ म्हणणार, आपण सुस्कारा टाकून कंपनीला नकार कळवणार, आणि भाग्याविषयीचे जनमत आणखी बळकट होणार. त्याने सुस्काऱ्यापुरती हवा भरूनही घेतली होती.

“त्याने जावं,” बाबा म्हणाले.

“अहो बाबा, पण तुमचा गुडघा?”

“गुडघ्याची विचारपूस शहरातूनच होते.”

बायकोने पाण्याचा जग उचलला आणि भरलेल्याच ग्लासात पुन्हा पाणी ओतले.

“पण मी नऊ वर्षं इथेच होतो की! भिंतीपलीकडे! तुमच्यासाठी!”

“असशील,” बाबा म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. उद्या पाणी कमी दाबाने येईल, असे सांगावे तसे ते बोलले. “दार बंद असायचं रे. कळणार कसं?” मग म्हणाले, “तिकडे गेलास की एक मात्र होणार नाही. या आठवड्यात तू आधी भिंतीतून ऐकू यायचास, मग फोनमधून. दोनदा. ते मला आवडायचं.”

पुस्तिकाकाराला फार वाईट वाटले. आणि खोटे कशाला बोला, थोडा रागही आला. इतकी वर्षे सांभाळलेले कारण एका वाक्यात हातचे गेले होते. त्याने त्याच संध्याकाळी कंपनीला होकार कळवला. कारणाच्या रकान्यात ‘वडिलांच्या आग्रहास्तव’ असे लिहिले.

ही चाचणी शास्त्रशुद्ध नव्हती, अशी टीका होऊ शकते. शंकेखोर वाचकांनी ती आपापल्या घरी खुशाल करून पाहावी. खर्च फक्त बसच्या तिकिटाचा आहे. मात्र डबा घेऊन निघण्यापूर्वी, आपण इतके दिवस घरातच होतो याला घरातला एखादा साक्षीदार मिळतो का, तेवढे पाहून घ्यावे. मिळाला नाही, तर बसमध्ये चढण्याचीही गरज नाही. तुम्ही केव्हाच पोहोचला आहात.