मंदाकाकूंची दुपार

दुपारी झोपलेल्या माणसाला फोन करून उठवलं आणि "झोपमोड नाही ना केली?" असं विचारलं, की तो काय म्हणतो? "छे छे, जागाच होतो, बोला." आवाज घोगरा, गालावर उशीचे वळ, तरी "जागाच होतो". सगळे हे खोटं बोलतात. आमच्या मंदाकाकू बोलत नाहीत.

"व्हय, झोपले होते," त्या फोनवर इतक्या जोरात सांगतात की खालच्या मजल्यावर मला ऐकू येतं. "तुम्ही उठवलं. आता सांगा, कशापायी उठवलं?"

तोवर पलीकडचा माणूस कशापायी ते विसरलेला असतो.

मंदाकाकू कथा लिहितात. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या इमारतीत त्या वर राहतात, मी त्यांच्या खाली. त्यांचं गाव सिल्लोडकडचं. घरी मेंढरं होती, आणि त्या घरातून शिकलेल्या ह्या पहिल्याच. सरकारी कचेरीत नोकरी केली, लग्न केलं नाही, निवृत्त झाल्या. आता कुणी विचारलं, "काकू, सध्या काय चाललंय?" तर म्हणतात, "झोपा काढतीये."

"नाही, म्हणजे लिखाण?"

"तेच सांगतीये की."

मी शाळेत शिकवते आणि उरलेल्या वेळात एक कादंबरी लिहिते. म्हणजे तो वेळ उरतच नाही हा भाग वेगळा. एका रविवारी आम्ही दोघी औरंगपुऱ्यात एका लेखकाच्या व्याख्यानाला गेलो. लेखक तरुण, कडक इस्त्रीचा. आपण पहाटे काळोखात उठून कसे लिहितो, सणवार पाळत नाही, आजारपणातही कसा खंड पाडत नाही, हे तो ऐटीत सांगत होता. "लेखकाला विश्रांती नसते," असं तो म्हणाला आणि टाळ्या पडल्या. काकूंची चुळबुळ सुरू झाली. मी त्यांचा पदर धरला, पण त्या उठल्याच.

"बाळा, तुझी कादंबरी वाचली मी," त्या म्हणाल्या. "चांगली हाये. पण त्यातली माणसं लई दमल्यासारखी वाटतात रे. पहिल्या पानापासून पेंगतात. तू नको झोपू, पण त्यांना तरी झोपू दे जरा."

सभागृह हसलं. काकू मात्र हसल्या नाहीत. परतीच्या रिक्षात त्यांचा राग आणखी चढला.

"लिहिणाऱ्यानं पाठ टेकली तर गुन्हा केला का? मेंढरं भर उन्हाची झाडाखाली बसतात. रवंथ करतात. त्यांना कुणी विचारतं का, का गं बसलीस, आज काय केलंस? नाय बसू दिलं तर मरतं मेंढरू. हे आमच्या अडाणी बापाला कळत होतं. ह्या शिकलेल्यांना कोण सांगणार?"

"सही बोल रहे अम्मा," रिक्षावाला मागं वळून म्हणाला.

"तू सामने देख रे बाबा!"

आमच्या गल्लीत भाजीची गाडी घेऊन येणारे सलीमभाईही ह्या रागातून सुटले नाहीत. त्यांच्या गाडीवर भोंगा आहे. "मेथी घ्या, पालक घ्या" असं तो एका सुरात ओरडत असतो, ऐन दुपारीसुद्धा. काकू एकदा डोक्यावर पदर घेऊन तरातरा खाली उतरल्या.

"सलीमभाई, दोपहर को कौन मेथी लेता? आं?"

"अम्मा, धंदा है. बंद रखूँ तो कैसा चलेगा?"

"शाम को चिल्लाव ना. तुम भी तो आदमी हो. थकते नहीं क्या?"

हा प्रश्न सलीमभाईंना बहुधा कुणी विचारला नव्हता. "थकता ना अम्मा. हऊ," ते होकाराची मान डोलवत म्हणाले आणि त्यांनी भोंगा बंद केला. तेव्हापासून दुपारी त्यांची गाडी आमच्या फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली असते, भाजीवर ओलं पोतं असतं आणि सलीमभाई शेजारी घोरत असतात. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तक्रार केली, की असं माणूस झोपलेलं बरं दिसत नाही. काकूंनी त्यांना विचारलं, "तुम्ही झोपल्यावर लई बरे दिसता का?"

मलाही त्यांनी सोडलं नाही. शाळेतून आले की मी पलंगावर पडायचे, पण हातात मोबाईल आणि डोक्यात अडलेलं प्रकरण. एकदा काकू वाटीभर लोणचं द्यायला आल्या आणि दारातूनच कडाडल्या, "ही पडायची रीत झाली? पडलीयेस का पळतीयेस?"

"काकू, आठवडाभर एक ओळ लिहिली नाहीये. कसलं पडतेय?"

"मग नीट पड. धड ना झोप, धड ना लिखाण. कुणाला हिशोब देतीयेस एवढा?"

हे सगळं ऐकायला फार छान होतं. पण मला काकूंचाही राग यायचा, आणि त्याचं कारण होतं आक्का.

आक्का ही काकूंची थोरली बहीण, त्यांच्याजवळच राहते. वाळलेली, पाठीत वाकलेली, आणि सतत हलणारी. सकाळी बघावं तर ज्वारी निवडतीये, संध्याकाळी बघावं तर जिना पुसतीये. जिना पुसायला बाई आहे, तरी आक्का पुन्हा पुसते. ह्या आक्कानं माहेरची मेंढरं राखली, भाकऱ्या थापल्या, नवरा गेल्यावर दुसऱ्याच्या रानात मजुरी केली आणि मंदाला शिकवलं. आमच्या इमारतीत सगळ्यांना हे ठाऊक होतं. त्यामुळं बायका जिन्यात कुजबुजायच्या, "बहीण म्हातारपणी राबतीये आणि ही लेखिकाबाई झोपा काढतीये." मी वरवर काकूंची बाजू घ्यायचे. मनात म्हणायचे, खरंच आहे की. एकीनं रवंथ करायचं आणि एकीनं जिना पुसायचा, हा कुठला न्याय?

मे महिन्यातल्या एका दुपारी माझ्या स्वयंपाकघराच्या छतातून पाणी टपकायला लागलं. वर काकूंच्या गॅलरीत कूलर आहे, त्याची टाकी भरून वाहत असणार. मी खालून हाका मारल्या. फोन केला, तो बंद. कणकेच्या परातीत पाणी पडलं आणि माझं डोकंच फिरलं. झोपेचं कौतुक करावं, पण दुसऱ्याच्या घरात पाणी जाईस्तोवर? काय काय बोलायचं ते मनाशी जुळवत मी तणतणत जिना चढले.

दार नुसतं लोटलेलं होतं. मी ढकललं.

कूलरसमोर सतरंजी अंथरलेली होती. तिच्यावर दोघी बहिणी शेजारी शेजारी. आक्का गाढ झोपलेली, तोंड किंचित उघडं, लहान मुलासारखी. तिचा हात काकूंच्या मनगटावर होता. आणि काकू टक्क जाग्या होत्या. उताण्या, छताकडं बघत.

मला बघताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

मी खुणेनं पाणी दाखवलं. त्यांनी खुणेनंच गॅलरीतला नळ दाखवला. मी जाऊन तो बंद केला, परत आले, आणि का कोण जाणे, त्यांच्या उशाशी खाली बसले.

"तुम्ही झोपला नाहीत?" मी अगदी हळू विचारलं.

"दुपारी कुठली झोप येतीये मला," काकू कुजबुजल्या. "पण मी पडल्याबिगर ही पडत नाय. मंदा जागी हाये म्हणजे आपण कामाला लागायचं, एवढंच तिला ठाऊक. मी लिहायला बसले तरी उठती. म्हणती, पोरगी काम करतीये आणि मी कशी लोळू? लई समजावलं. भांडले. नाय ऐकत. पडली की तिला चोरी केल्यासारखं वाटतं. मग मी ठरवलं, आपणच झोपायचं. मोठ्यानं झोपायचं. सगळ्या गल्लीला सांगून."

"रोज?"

"रोज. नोकरी सुटली तेव्हापासून."

त्या लांबलचक दुपारी, हातात पुस्तक नाही, पेन नाही.

"मग मनातल्या मनात कथा जुळवत असाल ना?" मी विचारलं.

"सुचतात की. चांगल्या सुचतात. आत्ता तू आलीस तेव्हा एक चालूच होती." त्या हसल्या, आवाज न करता. "उठून दोन ओळी टिपल्या असत्या तर राहिली असती. हिचा डोळा उघडेपर्यंत निम्मी जाती. संध्याकाळी आठवायला बसते तर नुसती शेपटी हाताला लागती."

"वाईट नाही वाटत?"

"वाटतं ना. राग येतो. लई राग येतो." त्यांनी मान वळवून आक्काकडं बघितलं. "मी शाळेचं पुस्तक घेऊन पडलेली असायची आणि ही दिवसभर मेंढरांमागं. पाय सोलून यायची. आल्यावर म्हणायची, तू उठू नको मंदे, तू वाच. तवा मला झोप यायची बघ. आता नाय येत."

कूलर घरघरत होता. खाली माझ्या ओट्यावर पाणी साचलं असणार, पण मला उठवेना.

"काकू, मग तुम्ही आराम कधी करणार?"

"ही हाये तवर हिचा होऊ दे." त्या पुन्हा छताकडं बघायला लागल्या. "नंतर काय, मी एकटीच. कुणी उठवणार बी नाय."

इतक्यात आक्काची झोप चाळवली. डोळे न उघडताच तिनं काकूंचं मनगट चाचपलं. "मंदे," ती पुटपुटली, "उठलीस का गं?"

काकूंनी चटकन डोळे मिटले. लांब श्वास घेतला, हळूच सोडला, पुन्हा घेतला. तोंडही थोडं उघडं ठेवलं. आक्कानं क्षणभर कानोसा घेतला, मग हळूहळू तिची बोटं सैल झाली.

मी चपला हातात घेऊन बाहेर पडले.