साळूबाईची गाळणी

एका जंगलात टेकडीवर पाणी नव्हतं. तिथल्या हरिणी रोज खाली नदीवर जात. नदीत मगर होती, मुलांनो. त्यामुळे परतताना कळपात एखादी कमी असे.

शेवटी सिंहमहाराजांनी पंप आणवला. पंप एकच होता आणि फार लांबून आला होता. नदीपासून पंपापर्यंतचा पाइप रानडुकराने टाकला. पंप चालवायचं काम साळूबाईकडे आलं.

साळूबाईने आधी पाइपात, पंपाच्या तोंडाशी, एक गाळणी बसवली.

"नव्या पाइपात काय काय राहिलेलं असतं," ती म्हणाली. "आठ दिवस राहू दे. पाणी नितळ आलं की मीच काढीन."

पहिल्या दिवशी गाळणीत वेल्डिंगच्या काड्यांची थोटकं निघाली. दुसऱ्या दिवशी चिंध्या, मूठभर नट आणि भूमिपूजनाच्या नारळाची करवंटी. साळूबाई भाबडी. तिने सगळं धुतलं, यादी केली आणि दरबारात नेऊन मांडलं.

रानडुकराने नाक मुरडलं. "महाराज, बाईंनी गाळणी बसवली तेव्हापासून कचरा निघतोय. त्याआधी एकदा तरी निघाला होता का?"

कोणालाच आठवेना.

"उद्या उद्घाटन आहे," महाराज म्हणाले. "गाळणी तुंबली आणि थेंबथेंब पाणी आलं, तर फोटोत काय दिसेल? काढा ती."

"महाराज, पंप फुटला तर? हरिणी इतकी वर्षं थांबल्या, अजून सहा दिवस थांबतील."

"पत्रिका वाटून झाल्यात, बाई."

गाळणी निघाली. महाराजांनी कळ दाबली. टेकडीवर धो धो पाणी आलं. म्हाताऱ्या हरिणी रडल्या. टाळ्या चालू असतानाच पंपात खडखड झालं, मग खाडकन आवाज आला आणि पाणी थांबलं.

रीतसर चौकशी झाली. फुटलेल्या पंपात एक नट सापडला. पाइप तर स्वच्छच होता, तसा दाखला रानडुकराने स्वतःच्या सहीने दिला होता. साऱ्या जंगलात नट फक्त साळूबाईकडे होते, तेही यादीसकट. तिला कामावरून काढलं.

नवा पंप आणायचं काम रानडुकराला मिळालं. तो यायला वर्ष लागणार होतं. दुसऱ्या दिवशी हरिणी पुन्हा नदीवर गेल्या. परतताना दोन कमी होत्या.

तात्पर्य: मुलांनो, कचरा पाइपात असतो तोवर कोणाचाच नसतो. ज्याला सापडतो, त्याचा होतो. म्हणून गाळणी बसवावीच लागली, तर मोठ्या भोकांची बसवावी.