गादीवाल्याची पाठ

गाद्यांच्या दुकानातल्या सेल्समनचीच पाठ धरावी, यासारखी वाईट जाहिरात नाही. त्यातून सेल चालू होता. मालकांनी बजावलं होतं, "वाकून चाललात तर पाठदुखीची गादी कोण घेईल? ताठ राहा, नाहीतर घरी बसा. कायमचे."

"पाठीचं मला कोण शिकवणार? आयुष्य गेलं गाद्या विकण्यात," असं बायकोला ऐकवून त्याने उपाशीपोटीच दुखण्याची गोळी गिळली. "दोन घास तरी खा," हे तिचं वाक्य त्याच्या पाठोपाठ जिन्यापर्यंत आलं आणि दमून परत गेलं.

दुपारी पोटात आग पडली. कॅशियरबाईंनी पाण्यात फसफसणारी पूड दिली. "पोटाचीच आहे हो, घ्या बिनधास्त." त्याने दोनदा घेतली. पाठ कुरकुरली म्हणून आणखी एक गोळी घेतली. पोट पुन्हा पेटलं तेव्हा मालकांनी खणातलं गुलाबी औषध काढून दिलं. रात्री झोपताना तेच, सकाळी उठल्यावर तेच. शिवाय गोळी होतीच.

दुसऱ्या दिवशी दुकानातला फोन वाजायचा थांबेना. तो पाठ धरून काउंटरपर्यंत जायचा, "हॅलो" म्हणायचा आणि पलीकडे कुणीच नसायचं. शेवटी कॅशियरबाईंनी फोनची वायरच काढून दाखवली. तरी वाजतच होता.

एवढ्यात एक वयस्कर जोडपं आलं. आजोबा गादीवर बसून बघत होते, पैशाचं पाकीट हातात होतं. त्याने गादीची महती सांगायला तोंड उघडलं आणि आजी दोन पावलं मागे सरल्या.

"अहो, यांची जीभ बघा. काळी ठिक्कर पडलीय."

आजोबांनी बघितलं आणि पाकीट खिशात ठेवलं. "रोज गाद्यांत राहून यांची ही अवस्था. चल, आपली जुनीच बरी."

त्याने आरशात जीभ पाहिली. आपलं आता संपलं, नोकरीही आणि आपणही, असं वाटून त्याने सगळी औषधं पिशवीत भरली आणि दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी पिशवीतली सगळी औषधं टेबलावर उलटी मांडली. "जिभेचं सोडा, ती गुलाबी औषधाने काळी होते, जाईल आपोआप. कानातल्या घंटीचं बोला. ही दुखण्याची गोळी. पोटाच्या पुडीतही तेच वेदनाशामक आहे. गुलाबी औषधात त्याचाच सख्खा भाऊ. तिन्ही मिळून अती झालं की कान वाजतात. पोट जळतंय म्हणून तुम्ही जाळणारंच पीत होतात."

"पण पोटाचं लिहिलंय त्यावर."

"पुढे तेच लिहितात. आत काय आहे ते मागे असतं. ते वाचायचं, नाहीतर औषधवाल्याला विचारायचं. पोट रिकामं ठेवायचं नाही. आणि आता हे सगळं बंद."

रक्त तपासलं, पाणी पाजलं, बराच वेळ बसवून ठेवलं. सोडताना म्हणाले, "दोन दिवस नुसतं आडवं पडा."

नोकरी गेलीच असं धरून त्याने मालकांना फोन केला. डॉक्टरांचं म्हणणं त्यांना सांगितलं.

"आडवंच पडायचंय ना? मग इथे येऊन पडा."

कान शांत झाल्यावर, बायकोने समोर बसून जेवायला घातल्यावर, तो दुकानाच्या दर्शनी काचेमागे पाठदुखीच्या गादीवर पडला. लाज वाटायलासुद्धा त्राण नव्हतं. पडल्या पडल्या घोरू लागला. लोक थांबून बघत, हेवा करत आणि आत येत. इतकी गाढ झोप त्याला कित्येक वर्षांत लागली नव्हती.

संध्याकाळी मालकांनी त्याला हळूच हलवलं. चेहऱ्यावर कधी नव्हे ते कौतुक होतं.

"उठा," ते म्हणाले. "सगळ्या संपल्या. आता हीसुद्धा विकली."