सुरळी, वडी आणि चारशे दहा ग्रॅम

मी आयुष्यात फारसे निर्णय घेतलेले नाहीत. नोकरीत ते वरून यायचे आणि घरात ते स्वयंपाकघरातून येतात. त्यामुळे परवाच्या चैत्रात मी एक निर्णय स्वतःच्या अकलेने घेतला, तेव्हा बायकोने, म्हणजे कुसुमने, लगेच माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला होता.

आमची तनया खराडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिला कंपनीने तीन आठवड्यांसाठी जर्मनीला पाठवलं. तिचा फोन आला, "बाबा, सुरळी आणि वडीला सांभाळाल?" मी म्हणालो, "ठेव की. त्यात काय!"

त्यात काय ते शनिवारी रिक्षातून उतरलं. तीन मजली पिंजरा, एक झोळी, एक छापील तक्ता आणि दोन फेरेट. फेरेट म्हणजे मांजर आणि मुंगूस यांच्यामधलं काहीतरी असतं. मऊ, लांबलचक आणि सतत कशाच्या तरी मागे लागलेलं. एक झोपली की गुंडाळून सुरळी होते आणि दुसरी जागच्या जागी थापल्यासारखी पसरते, म्हणून ही नावं. नावं ऐकून कुसुम थोडी पाघळली. मग तिने तक्ता वाचला.

तक्त्यात लिहिलं होतं की या प्राण्यांना धान्य चालत नाही, भाजी चालत नाही, दूध-पोळी तर मुळीच नाही. लागतं ते कच्चं मांस. तेही कसं, तर शंभरात ऐंशी भाग मांस, दहा भाग हाडं, पाच भाग काळीज आणि पाच भाग इतर अवयव. काळीज जास्त झालं तरी पंचाईत, हाडं कमी झाली तरी पंचाईत. दोघींना मिळून दिवसाला दीडशे ग्रॅम. आणि दर रविवारी वजन.

आमच्या घरी केकमध्ये अंडं आहे का, हे बेकरीवाल्याला शपथेवर विचारतात. कुसुमने तक्ता घडी करून माझ्या हातात दिला.

"अहो, तनयाची पोरं ती माझी नातवंडं. आजोळी आलीत, राहू देत," ती म्हणाली. "पण माझा ओटा, माझा फ्रीज आणि माझी भांडी यांना त्यातलं काहीही लागता कामा नये."

"तू काळजीच करू नकोस," मी म्हणालो. (हे वाक्य मी लग्नानंतर एकंदर चार वेळा उच्चारलं आहे. चारही तारखा तिच्या लक्षात आहेत.)

खरं सांगायचं तर तक्ता वाचून मला आनंदच झाला होता. मी एकतीस वर्षं सरकारात वजनमापे तपासली. कसबा पेठेपासून मांजरी गावापर्यंत माझ्या नजरेतून सुटलेला काटा नाही. रिटायर झाल्यावर लोक काशीला जातात, मी एक इलेक्ट्रॉनिक काटा विकत घेतला. दोन वर्षं त्यावर साबुदाणा मोजण्यापलीकडे काही झालं नव्हतं. आता ऐंशी-दहा-पाच-पाच! इतकं बिनचूक काम माझ्याकडे सरकारनेही दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीच्या टोकाला बजरंगच्या दुकानात गेलो. मटण-चिकनच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून जायची ही माझी पहिलीच वेळ. अधिकारी म्हणून मात्र गेलो होतो. अकरा वर्षांपूर्वी पंधरा ग्रॅमचा फरक सापडला म्हणून मी याच बजरंगचा काटा जप्त केला होता.

मला बघून त्याने काट्यावरचा हात काढला. "या साहेब. चेकिंग हाय का?"

"नाही हो, रिटायर झालो. मला दीडशे ग्रॅम पाहिजे."

"दीडशे?"

"एकशे वीस मांस, त्यात थोडं हृदय घ्या. पंधरा ग्रॅम हाडं, म्हणजे गळ्याची, कोवळी. साडेसात काळीज आणि साडेसात गुर्दा."

बजरंगने सुरी खाली ठेवली. "साहेब, हे मटणाचं दुकान हाय का औषधाचं?"

पण त्याने दिलं. मी ते गॅलरीत, जुन्या फळीवर, नाकाला रुमाल बांधून बारीक केलं. दोघींच्या वाट्या पाच मिनिटांत चाटूनपुसून साफ! मला भरून आलं. आपण केलेलं कोणीतरी इतकं आवडीने खातंय, हा अनुभव मी स्वयंपाक करत नसल्यामुळे मला नवा होता.

मग वजन. फेरेटला काट्यावर बसवणं म्हणजे नळाचं पाणी मुठीत धरणं. शेवटी कुसुमचं पितळी पातेलं काट्यावर ठेवलं, त्यात सुरळीला सोडलं, आकडा पटकन वहीत लिहिला. मग वडी. अकराशे ऐंशी आणि अकराशे. सही करून खाली तारीख घातली. (भांडी विटाळायची नाहीत हे मला ठाऊक होतं. पण अट मांसाची होती. जिवंत प्राणी म्हणजे मांस नव्हे, असा माझा युक्तिवाद होता.) कुसुमने युक्तिवाद ऐकून घेतला आणि पातेलं काढून नेलं. ते चिंचेने तीन वेळा घासल्याचा आवाज मला हॉलमध्ये ऐकू येत होता.

तो आठवडा सुखाचा गेला. सुरळीला माझ्या सदऱ्याच्या बाहीत शिरून झोपायची सवय लागली. ती झोपली की मी हात हलवायचा नाही, त्यामुळे मी डाव्या हाताने पेपर वाचायला शिकलो. तनयाला रोज फोटो पाठवायचो, खाली लिहायचो, 'आहार संतुलित. प्रकृती उत्तम.'

पुढच्या रविवारी प्लॅस्टिकची टोपली घेतली. टोपली ठेवली, काटा शून्य केला, सुरळीला बसवलं. सातशे सत्तर. वडी, सहाशे नव्वद.

मी वही बघितली, पुन्हा काटा बघितला, पुन्हा वही बघितली. आठ दिवसांत चारशे दहा ग्रॅम! एवढ्याशा जिवाचा तिसरा हिस्सा गायब, आणि तोही दोघींचा. पोर परदेशातून येईल, पिंजरा उघडेल आणि तिच्या हातात काय येईल, या विचाराने मी दुपारची आमटी तशीच सोडून उठलो. तनयाला सांगायची हिंमत होईना. कुसुमला सांगितलं असतं, तर चार तारखांत पाचवीची भर पडली असती.

मी एकट्यानेच ठरवलं, उद्यापासून खुराक दुप्पट. तीनशे ग्रॅम.

"पाव्हणे वाढले काय साहेब?" बजरंगने विचारलं.

वाट्या तरीही रिकाम्या होत होत्या. मला धीर आला. दोघी आता वाटीतला तुकडा तोंडात धरून लगबगीने कुठेतरी पळायच्या आणि पुन्हा यायच्या. मला वाटलं, व्यायाम चालला आहे.

इकडे घरात चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची तयारी सुरू होती. कुसुमची आरास चार दिवस आधीच उभी राहते. ट्रंका आणि खोके रचून पायऱ्या, त्यावर तिची जांभळी नारायणपेठ साडी, वर झोपाळ्यात गौर. गुरुवारी दुपारपासून हॉलमध्ये एक वास यायला लागला. कुसुमला वाटलं ड्रेनेज, मी फिनेल ओतलं. तिने धूप घातला. मग धूप, फिनेल आणि तो, असे तिन्ही वास येऊ लागले.

शुक्रवारी संध्याकाळी बायका जमल्या. पुरुषाला हळदीकुंकवात काम नसतं, म्हणून मला आणि फेरेटना आतल्या खोलीत कोंडलं होतं. बाहेर आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. समोरच्या मथुराबाई आल्याचं मला आवाजावरून कळलं.

"कुसुम, मोगरा कुठून गं आणलास?" त्या म्हणाल्या. "फार वेगळाच वास आहे."

मी गप्प बसायला हवं होतं. पण पन्ह्याचे पेले किणकिणत होते, एप्रिलचा उकाडा होता, आणि मीही माणूस आहे. मी दार वीतभर उघडून म्हणालो, "अगं, मला अर्धा पेला..."

पायांखालून वडी सुटली. ती सरळ आराशीपाशी गेली, नारायणपेठीच्या आत शिरली आणि क्षणभरात कोंबडीच्या गळ्याचा तुकडा तोंडात धरून बाहेर आली. मग तिने हॉलभर नजर फिरवली आणि सगळ्यांत सुरक्षित जागा निवडली. मथुराबाईंची मांडी.

मथुराबाईंनी मांडीवरच्या तुकड्याकडे बघितलं, हातातल्या वाटीकडे बघितलं.

"कुसुम," त्या शांतपणे म्हणाल्या, "हे डाळीबरोबर घ्यायचं की नंतर?"

पुढची दहा मिनिटं मी सांगणार नाही. बायका पांगल्या, आरास उतरवली. गौर देवघरात गेली. ट्रंकांच्या मागे पंचेचाळीस तुकडे निघाले. काळीज वेगळं, हाडं वेगळी, तक्त्याप्रमाणे. मथुराबाई तेवढ्या थांबल्या होत्या. डाळ टाकून जाणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही.

मी खाली जमिनीवर बसलो. इतके दिवस धरून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. "कुसुम, या काही खातच नाहीयेत गं. नुसतं लपवतायत. चारशे दहा ग्रॅम कमी झालंय दोघींचं. पोरीला काय तोंड दाखवू मी?" बाहीत सुरळी गाढ झोपली होती, त्यामुळे मला डोळेही डाव्या हाताने पुसावे लागले.

कुसुमने मग जे केलं ते मी कधीही विसरणार नाही. जिने जन्मात अंडं हातात धरलं नाही, तिने वाटीतला हृदयाचा ताजा तुकडा दोन बोटांत उचलला आणि वडीसमोर धरला. "खा गं बाई. आजीच्या हातचं खा."

वडीने तिचं बोट चाटलं आणि तोंड फिरवलं. कुसुमने तिच्या पोटाखाली हात घातला.

"अहो, पोट टम्म आहे हिचं. उपाशी कुठे? वही बघू."

तिने वही वाचली. माझी सही, तारीख, सगळं वाचलं. "दोघींचंही बरोब्बर चारशे दहाच कमी झालं?"

"हो ना!"

"पहिल्या रविवारी पातेल्यात मोजलं होतंत. पातेलं वजा केलं होतंत?"

कुसुम आत गेली, ते पितळी पातेलं घेऊन आली आणि माझ्या काट्यावर ठेवलं.

चारशे दहा.

म्हणजे दोघींचं वजन एक ग्रॅमही घटलं नव्हतं. त्या छान जेवत होत्या. मी घाबरून दुप्पट वाढलं, पोटात मावेना, म्हणून शहाण्या मुलींनी उरलेलं पुढच्या दिवसांसाठी ठेवलं. मला इतकं हलकं वाटलं की मी मोठ्याने हसलो. हसणारा मी एकटाच होतो.

मथुराबाईंनी डाळ संपवून वाटी खाली ठेवली. "ह्यांना पेन्शन चालू आहे ना?" त्यांनी कुसुमला विचारलं. "असू दे, असू दे. मी आपलं सहज विचारलं."

दुसऱ्या दिवशी बजरंगकडे निघालो, तर कुसुमही निघाली. काळीज ताजं आहे की नाही हे मला कळत नाही, असं तिचं म्हणणं. (तिला कधीपासून कळायला लागलं, हे विचारायची ती वेळ नव्हती.) दुकानात मात्र ती आली नाही. रस्त्याच्या पलीकडे नाकाला रुमाल लावून उभी राहिली आणि तिथून खुणा करू लागली.

"आजपासून परत दीडशे," मी बजरंगला म्हणालो आणि आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून सगळं खरं सांगून टाकलं. त्याने सुरी बाजूला ठेवून ऐकलं आणि खणखणीत आवाजात म्हणाला,

"साहेब, पंधरा ग्रॅमला तुम्ही माझा काटा उचलून नेला होता."

"नेला होता."

"मग आता चारशे दहाला काय न्यायचं, तुम्हीच सांगा."

तेवढ्यात रस्त्यापलीकडून कुसुमचा आवाज आला, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा.

"ह्यांनाच न्या! फक्त संध्याकाळी आणून सोडा, बाहीशिवाय सुरळीला झोप येत नाही!"