उलट्या वाहणाऱ्या नदीचं नियोजन

दोन माणसं मिळून एखादं काम करत असतील, तर त्या कामाला वेळीच नाव द्यावं लागतं. नाहीतर ते नुसतंच होऊन जातं आणि वरच्यांना पत्ताही लागत नाही.

या शाळेत असा प्रकार बरीच वर्षं राजरोस चालू होता. मधल्या सुट्टीत भूगोलाचे सर ग्रंथालयाच्या दारात येऊन उभे राहायचे, एक पाय आत, एक बाहेर. "बाई, उद्यापासून ज्वालामुखी घेतोय. आहे का काही?" ग्रंथपालबाई डब्याला झाकण लावायच्या, स्टुलावर चढायच्या आणि चार-सहा पुस्तकं काढून द्यायच्या. "हे चित्रांचं मागच्या बाकांना द्या. ओढाओढी होईल, पण वाचतील." दुसऱ्या दिवशी मुलं ओढाओढी करायची आणि वाचायची. याला ना बैठक, ना अहवाल, ना कोणाची सही.

बाकी शिक्षकांशी ग्रंथपालबाईंचा संबंध बेताचाच. कोणी रजेवर असलं की तो अख्खा वर्ग "जरा सांभाळा हं" म्हणून त्यांच्या गळ्यात पडायचा. शिक्षकांच्या खोलीत प्रत्येकाच्या कपावर नाव होतं. ग्रंथपालबाई ज्या कपातून चहा प्यायच्या त्यावर 'पाहुणे' असं लिहिलेलं होतं. हे त्यांना खुपायचं, पण पाहुण्यांनी तक्रार करायची नसते.

अशात मुख्याध्यापिका मॅडम एका प्रशिक्षणाहून परत आल्या. सोबत कापडी पिशवी होती आणि नजर नवी होती. त्या नजरेला पहिल्याच दिवशी हे दोघं दारात सापडले.

"काय चाललंय?"

"काही नाही मॅडम," सर दचकले, "पाठासाठी पुस्तकं नेत होतो. चुकलं का काही?"

"अहो, चुकलं कसलं!" मॅडमनी कापडी पिशवी छातीशी धरली. "हा तर सहयोग आहे! आणि तुम्ही तो असा उभ्या उभ्या करताय?"

उभ्या उभ्या चाललेला सहयोग बसवण्यासाठी मग समिती नेमली गेली. अध्यक्ष मॅडम, विषयतज्ज्ञ भूगोलाचे सर, सौंदर्यदृष्टी चित्रकलेच्या बाई, आणि समन्वयक (हा शब्द मॅडमनी दोनदा उच्चारला) ग्रंथपालबाई. त्या संध्याकाळी ग्रंथपालबाईंना नाव घातलेला कप मिळाला. त्यांनी तो घरी नेऊन सासूबाईंना दाखवला, आणि दुसऱ्या दिवशी रुमालात गुंडाळून परत आणला.

लांब टेबल शाळेत एकच होतं, ग्रंथालयात. साहजिकच बैठका तिथे ठरल्या. साहजिकच त्या वेळी मुलांना आत घेता येईना. चित्रकलेच्या बाईंनी सुबक अक्षरात पाटी रंगवली : 'सहयोग सुरू आहे. आत येऊ नये.' पाटी इतकी देखणी झाली की बैठक नसतानाही ती काढायला कोणाला जीव होईना.

पहिला घटक ठरला, नदी. सरांना वाटलं, उगमापासून सुरुवात करू. मॅडम हसल्या. आधुनिक नियोजन शेवटाकडून सुरू होतं : आधी निष्पत्ती, मग मूल्यमापन, आणि वेळ उरलाच तर शिकवणं. त्यामुळे नदी समुद्रातून निघाली. दोन बैठकांत ती त्रिभुज प्रदेशापर्यंत आली, तिथे फाटे फुटले आणि उपसमित्या नेमाव्या लागल्या. पावसाळी सुट्टीपर्यंत ती मैदानात पोचली. डोंगर चढताना तिला दम लागला तो कायमचा.

ग्रंथपालबाईंना मात्र हे सगळं मनापासून आवडत होतं, यात लपवण्यासारखं काही नाही. त्यांना लोक "तुमचं काय मत?" असं विचारू लागले होते. मत ऐकून घेत नसत, पण विचारत होते. त्यांनी चष्म्याची काडी बदलून घेतली, 'अनुषंगाने' हा शब्द आत्मसात केला आणि तक्ते लावायला जागा हवी म्हणून नद्या-डोंगर-वाळवंटांची पुस्तकं स्वतःच्या हातांनी खोक्यांत भरून कपाटामागे सरकवली. तिमाही अहवालही त्यांनीच लिहिला : सहयोगात भरघोस वाढ, वाचनात किंचित घट (शंभर टक्के).

घरी सासूबाईंची वेगळीच कुरकुर. सून ग्रंथालयातून पुस्तकं आणायची आणि त्या दुपारी पाय पसरून वाचायच्या, असा शिरस्ता होता.

"काय गं, हल्ली एक पुस्तक आणलं नाहीस."

"आई, सध्या शाळेत सहयोग चालू आहे ना."

"मग तो तरी आण. दुपार जात नाही माझी."

ग्रंथपालबाईंना हसू आलं नाही. आपल्या कामाचं महत्त्व घरच्यांना कधीच कळत नाही, असं त्यांनी नवऱ्याला ऐकवलं. नवऱ्याने मान डोलावली. तोही एका समितीवर होता.

आणि एक दिवस मधल्या सुट्टीत भूगोलाचे सर दारात आले. सवयीने एक पाय आत, एक बाहेर.

"बाई, ते वाळवंटाचं पुस्तक द्या ना. उंटाचं चित्र आहे बघा, ते."

"सर, असं परस्पर कसं देणार?" ग्रंथपालबाई म्हणाल्या. "समितीपुढे ठेवा. पुढच्या सत्रात बसवू आपण."

म्हणाल्या, आणि त्यांच्या कानांत त्यांचाच आवाज मॅडमच्या आवाजासारखा वाजला. सरांनी आतला पाय बाहेर घेतला.

"राहू द्या. नदीसारखंच करीन."

"नदीचं काय केलंत?"

"काय करणार? तास सगळे बैठकांत गेले. शेवटच्या तासाला फळ्यावर उत्तरं लिहून दिली, पोरांनी उतरवून घेतली. संपली नदी."

सर गेले. ग्रंथपालबाई उठल्या, कपाटामागची खोकी ओढू लागल्या. तक्ते कोसळले, नखं तुटली, वाळवंट सापडलं तेव्हा घंटा होऊन गेली होती. पुस्तक उराशी धरून त्या सरांच्या वर्गापर्यंत गेल्या. आत सर फळ्यावर उत्तरं लिहीत होते. उंटाची सगळी वैशिष्ट्यं क्रमवार उतरली होती. त्या आत गेल्या नाहीत. कपाटामागच्या खोक्यांना चिकटपट्टी त्यांनी आपल्याच हातांनी लावली होती, हे त्यांना तिथे उभं असताना आठवत राहिलं.

पालकसभेला घटक-नियोजनाचं प्रकाशन झालं. जाड कागद, मुखपृष्ठावर डोंगर चढणारी निळी नदी. वरून आलेल्या साहेबांनी ते हातात तोलून पाहिलं आणि उत्तम असल्याचं सांगितलं. समन्वयकांनी दोन शब्द बोलावेत, असं मॅडमनी सुचवलं.

ग्रंथपालबाई उभ्या राहिल्या. 'अनुषंगाने' आठवेना, ते एक बरं झालं.

"या कागदात ज्या पुस्तकांची नावं आहेत," त्या म्हणाल्या, "त्यातलं एकही या वर्षी मुलांनी उघडलेलं नाही. ती मी खोक्यांत भरली. ग्रंथालयाला कुलूप नव्हतं, पण दारावरची पाटी मी काढली नाही. आधी पुस्तकं जात होती. आता जात नाहीत. एवढंच."

मग मॅडम सावकाश उठल्या आणि त्यांनी टाळी वाजवली. "हे, हे बघा! नियोजनातला शेवटचा टप्पा, आत्मपरीक्षण! तोही प्रात्यक्षिकासह!" साहेबांनी ते टिपून घेतलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. आत्मपरीक्षण पुढच्या वर्षापासून सर्व शाळांना सक्तीचं करण्यात आलं असून त्यासाठी स्वतंत्र समिती आहे. ग्रंथपालबाई तिच्या समन्वयक आहेत. नाही म्हणायला त्यांनी तोंड उघडलं तेव्हा टाळ्या चालूच होत्या.

टाळ्या ओसरल्यावर एका पालकाने हात वर केला. "ही पुस्तकं परीक्षेला आहेत का?"

"नाहीत," सर म्हणाले.

"मग प्रश्नच मिटला," पालक म्हणाले, आणि सगळे मोकळ्या मनाने चहाकडे वळले.

वाचकांपैकी ज्यांची मुलं या शाळेत नाहीत, त्यांनी अगदी निर्धास्त असावं. फक्त आपल्या मुलाच्या शाळेचं ग्रंथालय कितव्या मजल्यावर आहे, तेवढं मनातल्या मनात आठवून पाहावं.

आठवा सावकाश. घाई नाही.